रेघा सोप्या, ओळख अवघड

हाताशी असेल त्या वस्तूवरचा बारकोड जरा नीट बघा. पुस्तक चालेल, औषधाची बाटली चालेल, वहीसुद्धा चालेल. रेघांखाली बहुधा तेरा आकडे दिसतील. त्यांतले बारा सहा-सहाच्या दोन गटांत रेघांखाली बसलेले असतात आणि एक, अगदी पहिला, डावीकडे एकटाच बाहेर उभा असतो. त्याच्या डोक्यावर एकही रेघ नसते. तरीही स्कॅनर तो वाचतो, आणि अचूक वाचतो.

गोदामांचा साठा बारकोडवर आणून देणं हे माझं काम. त्यामुळे रेघा दिवसभर डोळ्यांसमोर असतात. पण या बाहेर उभ्या आकड्याचं कौतुक अजून ओसरलेलं नाही. हा अख्खा बारकोड म्हणजे सारख्या रुंदीच्या ९५ उभ्या पट्ट्या, प्रत्येक काळी किंवा पांढरी. लागून दोन-तीन काळ्या आल्या की आपल्याला ती जाड रेघ दिसते. दोन्ही टोकांना काळी-पांढरी-काळी अशी तीन-तीन पट्ट्यांची खूण, मधोमध पाच पट्ट्यांची, आणि उरलेल्या ८४ पट्ट्यांत बारा आकडे, प्रत्येकाच्या वाट्याला सात. त्या सातांत दोन काळ्या रेघा आणि दोन पांढऱ्या फटी बसवायच्या. त्यांच्या जाडीवरून ठरतं की हा चार आहे की नऊ.

आता गंमत डाव्या अर्ध्या भागात आहे. तिथल्या प्रत्येक आकड्याला दोन रूपं आहेत. एकात काळ्या पट्ट्यांची संख्या विषम, दुसऱ्यात सम. दोन्हींचा अर्थ एकच, चार तो चारच. पण सहा आकड्यांपैकी कोणी विषम रूप घ्यायचं आणि कोणी सम, हे ठरवतो तो बाहेर उभा असलेला पहिला आकडा. तो शून्य असेल तर सहाही विषम. तो एक ते नऊपैकी काही असेल तर तीन विषम आणि तीन सम, पण प्रत्येक वेळी वेगळ्या क्रमाने. म्हणजे हा पहिला आकडा रेघांत कुठे छापलेलाच नाही, तो बाकीच्यांच्या मांडणीत मुरलेला आहे. उजव्या अर्ध्यात मात्र सगळे आकडे सम, आणि डावीकडचा सगळ्यात पहिला नेहमी विषम. त्यामुळे वस्तू उलटी धरली तरी स्कॅनरला लगेच कळतं की आपण शेवटाकडून वाचतोय. बिल करणारा माणूस पाकीट उलटं-सुलटं न बघता फिरवतो, ती निष्काळजी त्याला या विषम-समामुळे परवडते.

इतका आटापिटा करायचं कारण अगदी व्यवहारी होतं. अमेरिकेत १९७३ साली जो बारकोड ठरला तो बारा आकड्यांचा होता. युरोपातल्या कंपन्यांनी १९७७ साली आपली संघटना काढली तेव्हा त्यांना अनेक देशांसाठी एक आकडा जास्त हवा होता, पण रेघांची रुंदी वाढवायची नव्हती आणि अमेरिकी बारकोडशी फारकतही घ्यायची नव्हती. मग हा तोडगा निघाला. जुना बाराआकडी बारकोड म्हणजे पुढे शून्य असलेला तेराआकडीच, कारण त्याचे डावीकडचे सहाही विषम. जुन्याला धक्का न लावता नव्याला जागा करून देणारी इतकी नेटकी दुसरी गोष्ट माझ्या तरी पाहण्यात नाही.

या रेघांचा जन्म समुद्रकिनाऱ्यावरचा. १९४८ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत एका किराणा साखळीचा प्रमुख डीनकडे आला होता. गल्ल्यावर मालाची नोंद आपोआप व्हावी असं काही शोधून द्या, अशी त्याची मागणी. डीनने नकार दिला. ते बोलणं बर्नार्ड सिल्व्हर या विद्यार्थ्याच्या कानावर पडलं आणि त्याने मित्राला, नॉर्मन जोसेफ वुडलंडला, सांगितलं. पुढे वुडलंड मायामीला राहत असताना वाळूत बसून मोर्सचे टिंब आणि आडव्या रेघा काढत होता. काढता काढता त्याने बोटं आपल्याकडे ओढली आणि टिंबांच्या बारीक उभ्या रेघा झाल्या, आडव्या रेघांच्या जाड. पेटंट मिळालं १९५२ साली. यंत्रासाठी ५०० वॅटचा दिवा लागायचा आणि त्याच्या उष्णतेने कागद करपायचा. लेसर अजून जन्माला यायचा होता, स्वस्त कॉम्प्युटर तर फारच लांब. सिल्व्हर १९६३ साली वारला. आपल्या कल्पनेचा पसारा त्याला बघायला मिळाला नाही.

मला या इतिहासात यशापेक्षा फसलेले प्रयोग जास्त शिकवून जातात. पेटंटमध्ये सरळ रेघांखेरीज एकात एक वर्तुळंही होती, कोणत्याही दिशेने वाचता येतील अशी. कल्पना सुंदर. आरसीए कंपनीने १९७२ साली सिनसिनाटीच्या एका सुपरमार्केटात ती वापरूनही पाहिली. पण छपाईयंत्रात कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने शाई थोडी पसरतेच, आणि वर्तुळ कुठल्याही बाजूने पसरलं तरी बिघडतंच. उभ्या रेघेची शाई रेघेच्याच दिशेने पसरली तर रेघ फक्त थोडी उंच होते. आयबीएमच्या जॉर्ज लॉररने हे ओळखून सरळ रेघा धरल्या. १९६७च्या सुमाराला अमेरिकी रेल्वेने मालडब्यांवर रंगीत पट्ट्यांची पाटी लावली होती. धावत्या गाडीचे डबे आपोआप नोंदवायचे म्हणून. पाट्यांवर धूळ आणि चिखल बसला, पुसायला कोणी गेलं नाही आणि दहा-बारा वर्षांत ती योजना गुंडाळली गेली. गोदामात लेबल कुठे चिकटवायचं यावर वाद घालताना मला हे मालडबे हमखास आठवतात. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या ज्युसी फ्रूट च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, ते मात्र जमलं.

एवढं सगळं करून त्या रेघांना माहीत काय असतं? काहीही नाही. किंमत नाही, नाव नाही, एक्स्पायरी नाही. फक्त एक आकडा. बाकी सगळं दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. खात्री करायची असेल तर साधा यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला जोडा, नोटपॅड उघडा आणि कशावरही मारा. आकडा टाइप होईल आणि बहुधा कर्सर पुढच्या ओळीवर जाईल. कॉम्प्युटरच्या लेखी तो स्कॅनर म्हणजे एक भरभर टाइप करणारा कीबोर्ड. म्हणूनच कर्सर चुकीच्या रकान्यात असला तर तेरा आकडी बारकोड नगाच्या रकान्यात जाऊन बसतो आणि साठा एकदम हजारो अब्जांनी वाढतो. कीबोर्ड मराठीवर ठेवून अक्षरं असलेला बारकोड मारलात तर भलतीच अक्षरं उमटतील. स्कॅनर बिघडला म्हणून बदलून मागणारे लोक मी पाहिलेत. भाषा बदलली की बरा होतो.

सुरुवातीच्या आकड्यांवरून माल कुठल्या देशातला ते ओळखा, असा एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. तो चूक आहे. ते आकडे फक्त एवढंच सांगतात की कंपनीने आपला क्रमांक जीएस१ या जागतिक संस्थेच्या कुठल्या शाखेकडून घेतला. ८९० म्हणजे भारतातली शाखा. पण भारतात नोंदलेली कंपनी माल कुठेही बनवून घेऊ शकते. पुस्तकांना तर ९७८ किंवा ९७९ मिळतं आणि नियतकालिकांना ९७७, त्यात देश कुठलाच नाही. प्रत्येक बारकोडमध्ये सैतानाचा ६६६ लपलाय, हीसुद्धा अशीच एक कथा. कडेच्या आणि मधल्या खुणा उजवीकडच्या सहाच्या बारीक रेघांसारख्या दिसतात, एवढाच तिचा आधार.

तेरा आकड्यांतला शेवटचा पहारेकरी असतो. आधीच्या बारा आकड्यांना डावीकडून आलटूनपालटून एक आणि तीनने गुणायचं, बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते पाहायचं. १२३४५६७८९०१२ घ्या. एकाने गुणायच्या आकड्यांची बेरीज २६, उरलेल्यांची २२, त्याची तिप्पट ६६, एकूण ९२. शंभराला आठ कमी, म्हणून शेवटचा आकडा ८. एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर हे गणित हमखास पकडतं. शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतं, फक्त त्या दोघांत पाचाचा फरक असेल तर नाही. एक-सहा, दोन-सात या जोड्यांची अदलाबदल पहारेकऱ्याच्या नाकाखालून निघून जाते.

आकड्याला काही माहीत नसणं हेच त्याचं बळ आहे. हे पटवून द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. नवा आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या वस्तूंची मूळ यादी, बनवताना प्रत्येकाला आकड्यात अर्थ भरायचा असतो. पहिली दोन अक्षरं विभागाची, मग रंग, मग साइज, मग पुरवठादार, मग वर्ष. कोड बघताच वस्तू कळली पाहिजे, असं म्हणतात. दोन वर्षांनी पुरवठादार बदलतो, विभाग एकत्र होतात, रंगासाठी ठेवलेली नऊ घरं संपतात आणि दहावा रंग येतो. मग कोड खोटं बोलायला लागतो आणि तो बदलावा तर जुन्या नोंदी तुटतात. मी दरवेळी सांगते, अर्थ नोंदवहीत ठेवा, आकडा मुका राहू द्या. दरवेळी कोणीतरी म्हणतंच, "ताई, निदान पहिलं अक्षर तरी?"

पण खरी कसोटी त्याच्याही आधीची. बारकोड काढणं हे मिनिटाचं काम आहे, फुकटची साधनंही आहेत. कुठल्या दोन वस्तूंना एकच आकडा द्यायचा आणि कुठल्यांना वेगळा, हे कुठलंच साधन सांगत नाही. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये दोन पेट्यांत नट होते, एकाच मापाचे, एकाच आट्याचे. स्टोअरकीपर काका म्हणाले, "हे एकच आहेत, मी दोन्हींतून देतो." खरेदीवाले म्हणाले, पुरवठादार दोन आहेत, वेगळे ठेवा. हिशोबवाल्यांना दर वेगळा म्हणून वेगळे हवे होते. शेवटी उत्पादनाचे साहेब आले, नट बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाले, "हा जस्ताचा मुलामा दिलेला आहे, हा नाही. बाहेर उन्हापावसात जाणाऱ्या यंत्राला हा साधा लावला तर गंजेल." चौघेही आपापल्या जागी बरोबर होते. नट वेगळे ठरले, पण मुलाम्यामुळे. पुरवठादार आणि दर हे खरेदीच्या नोंदीत राहू शकतात, त्यासाठी नवा आकडा लागत नाही. काका मात्र दोन्हींतून किती वर्षं देत होते हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

बाजारात जाणाऱ्या मालासाठी जीएस१ने हे प्रश्न आधीच सोडवून ठेवलेत. वजन किंवा माप बदललं तर नवा क्रमांक. मुख्य ब्रँड बदलला तर नवा. खोक्याच्या लांबी-रुंदीत किंवा एकूण वजनात २० टक्क्यांहून जास्त फरक पडला तरी नवा, कारण मग फळीवरची जागा आणि गाडीतली मांडणी बदलते. वेष्टनावरचं चित्र थोडं बदललं तर जुनाच चालतो. सुटा नग, बाराचा डबा आणि डब्यांचा मोठा खोका, या साठ्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिघांना तीन क्रमांक लागतात. खोका फोडून नग फळीवर लावले की एक खोका कमी आणि इतके नग जास्त, अशी नोंद कुणीतरी करावी लागते. ती राहते. नेहमीच राहते.

ग्रंथालयांना मात्र हे बारकोडच्या आधीपासून कळलेलं आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा आयएसबीएन आवृत्तीचा असतो, त्या आवृत्तीच्या सगळ्या प्रतींवर एकच. साधी बांधणी आणि कापडी बांधणी यांचे वेगळे. पण वाचक घरी नेतो ती एक प्रत, आणि फाटते किंवा हरवते तीही एकच प्रत. म्हणून ग्रंथपाल प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक देतात आणि देवघेवीच्या बारकोडमध्ये तोच असतो. आपल्याला वस्तूच्या प्रकाराची मोजणी करायची आहे की एकेका नगाचा माग ठेवायचा आहे, हे ठरवल्याशिवाय लेबलं छापू नयेत. खुर्च्या मोजायच्या असतील तर सगळ्या खुर्च्यांना एक आकडा पुरेल. कुठली खुर्ची कुठल्या खोलीत गेली हे हवं असेल तर प्रत्येकीला स्वतःचा लागेल.

बाहेर विकायचं नसेल, फक्त आपल्याच गोदामापुरतं हवं असेल तर कुणाकडून क्रमांक घ्यायची गरज नाही. तेराआकडी साच्यातच काम करायचं तर २० ते २९ ने सुरू होणारे आकडे आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. अक्षरं हवी असतील तर कोड १२८ नावाचा बारकोड घ्या. जुना कोड ३९ अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो, पण तो लांबलचक होतो आणि छोट्या लेबलवर मावत नाही.

आणि आकडे एक्सेलमध्ये साठवायच्या आधी त्या रकान्याला टेक्स्ट करा. नाहीतर पुढचं शून्य गळतं आणि तेरा आकड्यांचं १.२३४५७ई+१२ होतं. ती फाइल तशीच सीएसव्हीत जतन केली की शेवटचे आकडे कायमचे गेले.

छपाईत लोक घाई करतात आणि तिथेच फसतात. नेहमीचा थर्मल प्रिंटर इंचाला २०३ ठिपके काढतो, मिलिमीटरला आठ. तेराआकडी बारकोडची एक पट्टी मूळ आकारात ०.३३ मिलिमीटर, म्हणजे अडीच ठिपक्यांहून किंचित जास्त. अर्धा ठिपका प्रिंटरला काढता येत नाही. मग तो काही पट्ट्या दोनच्या काढतो, काही तीनच्या, आणि रेघांची जाडी, जी त्यांची सगळी भाषा, तीच बिघडते. डोळ्यांना बारकोड छान दिसतो, स्कॅनर मात्र अडखळतो. पट्टी सरळ तीन ठिपक्यांची धरावी. लेबल थोडं मोठं होतं, पण वाचलं जातं. चित्र कोपऱ्याला धरून ओढून लेबलात बसवायचं नाही, ते याचसाठी.

दोन्ही बाजूंची कोरी जागाही बारकोडचाच भाग आहे. डावीकडे अकरा पट्ट्यांइतकी, उजवीकडे सात. डिझाइन करणाऱ्याला ती वाया गेलेली वाटते आणि तो तिथे चौकट ओढतो. पुष्कळ वेष्टनांवर उजवीकडे आकड्यांच्या ओळीत बाणाच्या टोकासारखी एक खूण दिसते, ती ही जागा अडवून धरण्यासाठी असते. रंगाचं म्हणाल तर बहुतेक स्कॅनर लाल उजेड टाकतात. लाल रेघ त्यांना पांढऱ्या कागदापासून वेगळी दिसतच नाही. उलट लाल पार्श्वभूमीवर काळी रेघ व्यवस्थित चालते. आणि नुसत्या उष्णतेने उमटणारं लेबल ऊन लागलं की पुसट होतं. वर्षभर टिकायला हवं असेल तर शाईच्या रिबनवर छापायचा खर्च करा.

सगळं नीट छापून चिकटवलं तरी साठा जुळेलच असं नाही. गल्ल्यावर एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे पाच साबण येतात, पाच वेगळ्या वासांचे. बिल करणारा एकावर स्कॅनर मारतो आणि गुणिले पाच करतो. गिऱ्हाइकाचं बिल बरोबर, गल्ला बरोबर. साठ्यात मात्र एका वासाचे पाच गेले आणि बाकी चार जागचे हलले नाहीत. महिनाभरात एकाची शिल्लक उणे दिसते आणि दुसऱ्याची फळी रिकामी असूनही कॉम्प्युटर म्हणतो, माल आहे, मागवू नका. मागे रांग उभी असताना पाच वेळा स्कॅन करायचा धीर कोणाला असतो? मी त्याला दोष देत नाही. ज्या मालकांनी बिलाचा वेग मोजला आणि साठ्याची अचूकता मोजली नाही, त्यांना देते. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून मोजणी करण्यापेक्षा रोज थोड्या फळ्या मोजणं बरं. फरक ताजा असताना सापडला तर त्याचं कारणही सापडतं.

आता चौकोनी कोड गल्ल्यावर यायला निघालेत. क्यूआर कोड १९९४ सालचा, जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने वाहनांच्या सुट्या भागांसाठी केलेला. रेघांत तेरा आकडे मावतात, इथे क्रमांकाबरोबर बॅच, एक्स्पायरी आणि त्या एका नगाचा स्वतःचा क्रमांकही बसतो. २०२७ संपेपर्यंत जगभरच्या गल्ल्यांवर असे कोड वाचता यावेत, असं जीएस१ने ठरवलंय. यात एक मोठी गोष्ट शक्य होते. मुदत संपलेलं पाकीट गल्ल्यावरच अडवता येईल, कारण तेव्हा कोड नुसता वस्तूचा प्रकार सांगणार नाही, नगही सांगेल. खराब बॅच परत मागवायची तर सगळा माल फळीवरून उतरवावा लागणार नाही.

अर्थात रेघा लगेच जाणार नाहीत. अमेरिकी गल्ल्यांनी तेरा आकडे वाचायला शिकावं यासाठी २००५ सालची मुदत द्यावी लागली होती, म्हणजे तेराआकडी आल्यावर पाव शतकाहून जास्त काळाने. रेघा जाईपर्यंत एकाच पाकिटावर रेघाही असतील आणि चौकोनही, आणि स्कॅनर एका झटक्यात दोन्ही वाचेल. दोन्हींत मूळ क्रमांक एकच आहे, तेव्हा पाकीटही एकच, हे बिलाच्या सॉफ्टवेअरला सांगून ठेवावं लागेल. नाहीतर गिऱ्हाइकाला दोन पाकिटांचे पैसे पडतील, आणि साठ्यातून दोन वजा होतील.